तळाचं वरण

मी पळी बोलतेय. हातभर दांड्याची, खोलगट वाटीची, बीडकडच्या एका लहान गावातल्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत खिळ्याला टांगलेली. आपली कहाणी सांगताना जो तो आधी आपला मोठेपणा सांगतो. माझ्याकडेही थोडा आहे, तो आधीच सांगून घेते. पुढचं सांगताना मला मान वर करता येणार नाही.

चौसाळ्याच्या बाजारातून मला बंकटरावांनी आणलं. ते आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे. दुधाचा नमुना घेण्याआधी बंकटराव मला थेट तळापर्यंत घालायचे, तीन वेळा ढवळायचे आणि मगच दूध उचलायचे. न ढवळता वरचं घेतलं की नुसती साय येते आणि पाणचट दूधही घट्ट ठरतं. एखादा म्हणायचा, "सचिवसाहेब, असू द्या की वरवरचं." बंकटराव हसायचे आणि ढवळायचे. लोक त्यांना कटकट्या म्हणत. मला मात्र आपल्या कामाचा लई ताठा होता.

मग पावसाने सलग दोन वर्षं तोंड फिरवलं. जनावरं काही चारा छावणीत गेली, काही बाजारात. संस्थेच्या दारात किटल्यांऐवजी टँकरच्या पाण्यासाठी घागरींची रांग लागू लागली. दूधच नाही तर संस्था काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कुलूप लावायच्या दिवशी बंकटरावांनी मला आणि दोन मोठी पातेली शाळेला देऊन टाकली.

शाळेत पोरांचं भात-वरण रांधायचं काम बायकांच्या बचत गटाकडे होतं आणि गटातर्फे चतुराबाई रांधायची. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ, हाताला चव. पोरं तिला चतुरामावशी म्हणत. पहिल्याच दिवशी तिने मला राखेने घासलं आणि म्हणाली, "दुधात लई लोळलीस, आता डाळीत काम कर."

मला ते काम आवडलं. शाळेत किती पोरं सकाळी काही न खाता येतात, हे मला तिथे समजलं. प्रार्थनेला उभी राहताना पाय हलवत राहायची, पुस्तक उघडून खिडकीतून चुलीच्या धुराकडे बघायची. जेवण झालं की त्यांचे आवाज बदलायचे. वरण घट्ट झालं असेल त्या दुपारी चौथीचे पाढे मला भिंतीपलीकडून खणखणीत ऐकू यायचे. पातळ झालं असेल त्या दुपारी एकटे शहादेव गुरुजीच बोलत असायचे.

पाढ्यांत सगळ्यांत वरचा आवाज सत्यभामाचा. म्हाळू मेंढपाळाची लेक, नाव आजीचं ठेवलेलं. एकोणतीसचा पाढा ती न अडखळता म्हणायची. गुरुजींनी तिला शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं ठरवलं होतं. ही पोरगी बीडला शिकायला जाईल, असं ते चतुराबाईला चहा पिताना सांगायचे.

त्या दिवाळीनंतर अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांकडे गेलं. दरवर्षीच जायचं, त्या वर्षी जरा जास्तच. घरांना कुलपं लागली. तेरा पोरं मागे राहिली, कुणी म्हाताऱ्या आज्याजवळ, कुणी शेजाऱ्यांच्या भरवशावर. त्यांना शाळेतल्या जेवणाशिवाय धड दुसरं जेवण नव्हतं. त्यातच डाळ येईनाशी झाली. आली तरी अपुरी.

चतुराबाईने तिच्या परीने तोड काढली. डाळीत जास्त पाणी घालायची आणि वाढताना मला तळाला जाऊ द्यायची नाही. वरवरचं पाणी पोरांच्या भातावर पडायचं. डाळ तळाशी बसून राहायची. शाळा सुटल्यावर तळाचं वरण आणि उरलेला भात डब्यात भरून ती त्या तेरा पोरांना सांजच्याला नेऊन द्यायची. बाकीच्यांचे आई-बाप घरी आहेत, त्यांच्या चुली पेटतायत, ती घरी जाऊन खातील, हा तिचा हिशेब. आमच्याकडे तोडीच्या दिवसांत सगळ्यांचाच हा हिशेब असतो. कुलूप दिसलं की लेकरू उपाशी, दार उघडं दिसलं की जेवलेलं.

एक गोष्ट यातली वाईट होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पोरांना वाढण्याआधी गुरुजींनी चव घ्यायची आणि वहीत लिहायचं, असा नियम होता. गुरुजींसाठी चतुराबाई मला तळापर्यंत घालायची. तीन वेळा ढवळायची. घट्ट पिवळं वरण वाटीत पडायचं आणि गुरुजी लिहायचे, 'चव उत्तम.' जी विद्या मी खऱ्यासाठी शिकले होते, ती मी खोट्याला वापरू दिली. दांडा तिच्या हातात होता, असं म्हणून मी सुटू शकते. पण सुटत नाही.

सत्यभामाच्या घराला कुलूप नव्हतं. तिची आई बायनाबाई रोज सकाळी चूल पेटवायची आणि छपरातून धूर निघायचा. चतुराबाई रस्त्याने येताना तो धूर बघायची.

माघात सत्यभामाच्या पाढ्याचा आवाज खाली आला. मग पाढा मध्येच तुटायला लागला. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या. ती ताट घेऊन पुढे यायची तेव्हा तिचं मनगट मला अगदी जवळून दिसायचं, बांगडी कोपरापर्यंत सरकलेली. मी तिच्या भातावर पाणी ओतायचे. भात ओला व्हायचा, पिवळा व्हायचा नाही. ती काही बोलायची नाही. उलट "बास मावशी" म्हणायची.

परीक्षेचं केंद्र चौसाळ्याला होतं. पेपर झाला त्या संध्याकाळी गुरुजी स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, की पोरगी गणिताच्या पेपरावर डोकं टेकून झोपून गेली. निम्मा पेपर कोरा. त्यांना वाटलं, रात्री जागून अभ्यास केला असेल. ते तिच्यावर रागावलेही होते. चतुराबाई म्हणाली, आजकालच्या पोरींना झोपच लई. मी डाळीच्या पातेल्यातच उभी होते.

पुढच्या आठवड्यात अंबाजोगाईहून डॉक्टरीणबाई पोरं तपासायला आल्या. त्यांनी सत्यभामाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली. अंगात रक्तच नाही म्हणाल्या. घरी काय खातेस, विचारलं. पोरगी पटकन म्हणाली, "भाकर, कालवण, समदं." बाईंनी तिचं नुकतंच वाढलेलं ताट उचलून तिरपं केलं. पाणी भातातून वाहत कडेला आलं. मग त्या आत आल्या, मला हातात घेतलं आणि पातेल्याच्या तळाला घातलं.

मी वर आले ती भरून. तेवढं घट्ट वरण मी त्याआधी कधी एवढ्या जड मनाने उचललं नव्हतं.

चतुराबाईने लपवलं नाही. तेरा पोरांचं सगळं सांगितलं. म्हणाली, "बाई, चोरी न्हाई केली. ज्यांच्या दाराला कुलूप हाय त्यांच्यासाठी ठिवत हुते. हिची तर चूल पेटती की." गुरुजी वहीकडे बघत राहिले. खाली त्यांच्याच सह्या होत्या. त्या पानांवरची 'चव उत्तम' एकामागून एक त्यांना दिसत असणार.

त्याच दुपारी गुरुजी आणि चतुराबाई सत्यभामाच्या घरी गेले. तिथलं चतुराबाईने मला परत आल्यावर भांडी घासताना सांगितलं. म्हणजे स्वतःशीच बोलत होती. चुलीवर पातेलं होतं आणि त्यात नुसतं पाणी उकळत होतं. म्हाळू मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात दूर गेलेला, छावणीत मेंढरांना जागा नव्हती. त्याचा चार महिने पत्ता नाही. बायनाबाईने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. धूर दिसावा म्हणून ती चूल पेटवत होती. चतुराबाईसारख्या बायकांना तो दिसावा म्हणूनच.

नंतर बरंच सुधारलं. गटातल्या बायकांनी घरटी मूठ मूठ डाळ आणून दिली, तेरा पोरांचं रांधणं उघड सुरू झालं, उन्हाळ्याच्या सुटीतही चूल पेटती राहिली. जूनपर्यंत सत्यभामाच्या ओठांच्या चिरा भरल्या. पण परीक्षा होऊन गेली होती. बीडला जायचं राहिलं. गणिताशी तिची जी गट्टी होती ती परत तशी जमली नाही. दहावीला ती गणितातच नापास झाली, आणि पुढे लिंबागणेशजवळ तिचं लग्न झालं.

आता माझा दांडा वाकलाय, रिवेट ढिले झालेत. नवीन पळ्या आल्यात. मी क्वचित ताक वाढायला निघते. चतुराबाई थकलीय, तरी सवयीने दुपारी उंबऱ्यावर येऊन बसते. वाढणाऱ्या नव्या बाईला दटावते, ढवळून वाढ म्हणून. मलाही एवढंच सांगायचंय. बाबांनो, लेकरू जेवलं का हे घराच्या धुरावरून ठरवू नका. जवळ घ्या, मनगट बघा, दोनदा विचारा. पहिल्यांदा ते खोटंच सांगणार आहे.

परवा सत्यभामा शाळेत आली होती. अंगणवाडीत मदतनीसाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, म्हणून शाळेचा दाखला हवा होता. उंबऱ्यावर चतुराबाई दिसली तशी वाकून पाया पडली आणि शेजारी बसली. इकडचं तिकडचं झालं. चतुराबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "पोरी, त्या साली तुला म्या पाणी वाढलं. रोज वाढलं."

"मला ठाव हुतं, मावशी."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"सांजच्याला तुमचा डबा कुणाकडं जातो, ते बी दिसायचं की," ती म्हणाली. "माझी मैतरीण जेवायची त्यातलं. मी बोलले असते तर तिचं कमी पडलं असतं."