शून्याचा रकाना

उपकेंद्राच्या संगणकावर बबिता सिस्टरने गर्भपाताच्या रकान्यात शून्य भरलं, पुसलं, पुन्हा भरलं आणि उठून खिडकी लावून घेतली. खिडकीने तिचं काहीएक बिघडवलं नव्हतं. सकाळपासून तिचं हे असंच चाललं होतं.

महिन्याचा अहवाल आजच पाठवायचा होता. जिंतूरहून तालुक्याच्या साहेबांचा फोनही येऊन गेला होता.

"गर्भपात शून्यच ना, सिस्टर? एक जरी लिहिला तर जिल्ह्यातून विचारणा. पहिली मुलगीच होती का, गोळ्या कुठून आणल्या. कोण निस्तरणार?"

तिनेही "हो सर" म्हणून टाकलं होतं. गावाचं शून्य तालुक्याला, तालुक्याचं परभणीला आणि तिथून पार दिल्लीपर्यंत जातं. वाटेत कुणी त्याला अडवून नाव विचारत नाही. मोठा गुणी आकडा!

अडचण होती ती समोर बाकावर बसलेल्या भक्तीची. तिच्या मांडीवर अजून वर्षाचीही न झालेली लेक होती.

"काल पुन्हा फोन आला, सिस्टर. आज तरी बंद करा ना."

"फोन वाजला की तूच उचलत जा म्हटलं होतं ना तुला?"

"उचलते की. चुलीवरचं टाकून पळते. काल आत्याबाईच्या हातातनं हिसकावून घेतला. त्या नुसत्या बघत राहिल्या." तिने आवाज खाली आणला. "त्यांना नातू पाहिजे. कळलं तर लेकीसकट माहेरी धाडतेल मला."

झालं होतं ते असं. गरोदर बाईची नोंद लवकर व्हावी म्हणून वरून सारखा तगादा असतो. गावची आशाताई चतुराबाई त्या तगाद्याने इतकी हैराण, की भक्तीने पाळी चुकल्याचं नळावर नुसतं बोलून दाखवलं आणि हिने संध्याकाळच्या आत तिचं नाव चढवून टाकलं. भक्तीचा नंबर तिच्याकडे नव्हता. सासूचा, सरजाबाईचा होता. तोच दिला ठोकून!

पुढे भक्तीने चाकणला कंपनीत असलेल्या नवऱ्याला, गोपाळला, फोनवर विचारलं. लेक अजून अंगावर पीत होती, दोघांनाही एवढ्यात दुसरं नको होतं. परभणीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ती रीतसर मोकळी होऊन आली. सासूला सांगितलं, डोळे दाखवायला गेले होते. दवाखान्याने तो गर्भपात आपल्या आकड्यात धरला. नाव मात्र कायद्याने कुणाला कळवायचं नसतं, ते कळवलं नाही. त्यामुळे सरकारच्या एका हिशेबात भक्ती मोकळी होती आणि दुसऱ्यात अजून पोटुशी. पोटुशा बाईच्या नंबरावर दर आठवड्याला फोन येतो: बाळ आता एवढं झालं, आता हे खा, आता असं निजा. तिच्या नावापुढे गर्भपात लिहिल्याशिवाय तो थांबत नाही. आणि तो लिहायचा म्हणजे शून्य गेलं.

"पुढच्या महिन्यात करू गं काहीतरी," बबिता म्हणाली आणि स्वतःचाच तिला राग आला.

तेवढ्यात दारात सरजाबाई उभी राहिली. भक्तीने लेकीला छातीशी घट्ट धरलं. म्हातारी सरळ टेबलापाशी आली आणि मोबाइल बबितापुढे ठेवला.

"ह्याच्यावरचा त्यो फोन बंद करा, सिस्टर."

"कोणता फोन, मावशी?"

"बाळाला आता हातपाय फुटायलेत म्हणून ती बाई सांगायली न्हाई का, त्यो. पयले वाटलं, चुकून यायलाय. मग बघितलं, फोन वाजला की ही उठून पळायली. परभणीहून आली तवा दोन दिस उठली न्हाई. डोळे दाखवून आलेलं मानूस पोट धरून निजतंय व्हय?"

बबिताने मोबाइल बाजूला सारला. "मावशी, तिचा काही दोष..."

"मी काय म्हनले का तिला? आपन होऊन सांगल म्हनून गप ऱ्हायले. पन हिनं जेवन सोडलंय. दूध आटंल की लेकराचं." तिने नातीला भक्तीच्या हातातून काढून कडेवर घेतलं. "कसा बंद होतो त्यो?"

"हिच्या नावापुढं गर्भपात लिहावा लागतो. मग तो आकडा वर जातो, दिल्लीपर्यंत."

"मंग लिवा की. बसलाव काय?"

बबिताने भक्तीच्या नावापुढे गर्भपात लिहिला, शून्याचा एक केला आणि साहेब काय म्हणतील हा विचार मनात शिरायच्या आत अहवाल पाठवून दिला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

सरजाबाई मात्र जागची हलली नाही.

"आन माजे दोन बी लिवा," ती म्हणाली. "गोपाळच्या पाठचे. सुईनीनं काडी घालून काढले. दुसऱ्या बारीला मरता मरता वाचले मी. तवा कुनीच लिवून घेतलं न्हाई."

बबिताने संगणकाच्या पडद्यावरच्या महिन्याच्या नावावर बोट ठेवलं. "जुने घेत नाहीत, मावशी. ह्याच महिन्याचे घेतात."

"घेत न्हाईत व्हय." म्हातारीने नातीच्या अंगावरचं झबलं खाली ओढलं. "ऱ्हाऊ द्या मंग."

भक्तीने इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली. ती बाकावर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"बसा, आत्याबाई," ती म्हणाली. "कवा झालं हे?"

सरजाबाई बसली आणि सांगू लागली.