खिडकीपाशी ठेवलेला कोरडा टब

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा टब आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. टबाला डोकं कुठून आलं, असं विचारू नका. आधी ऐकून घ्या.

या शहरावर परक्यांचं राज्य होतं तेव्हा मला कारखान्यात साच्यात ओतलं. आतून पांढराशुभ्र मुलामा दिला आणि खाली सिंहाच्या पंजांसारखे चार पाय बसवले. बंदरावरून या हॉटेलात आणताना हमालांनी मला इतक्या शिव्या घातल्या की माझं बारसं तिथेच झालं म्हणा ना! वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या न्हाणीघरात मला बसवलं. एका बाजूने गरम पाण्याचा नळ, दुसऱ्या बाजूने थंड आणि खाली निचऱ्याचा पाइप. माझा संसार एवढाच होता आणि तो झकास चालला होता.

काय एकेक माणसं येऊन गेली! बोटीवरचे कप्तान यायचे, आठवड्याचं मीठ अंगावरून उतरवायचे आणि बेसूर गायचे. बढती हुकलेले अधिकारी यायचे. बाहेर त्यांचा केवढा रुबाब, पण माझ्यात बसले की मुसमुसायचे. राज्य गेलं, अधिकारी गेले, आणि त्यांच्या जागी आपली माणसं आली. तीही गायची, तीही मुसमुसायची. मला काही फरक पडला नाही. थोरले मालक रोज स्वतः येऊन माझ्या काठावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हा आहे तोवर हॉटेलला मरण नाही."

थोरले मालक गेले. धाकट्या मालकांनी न्हाणीघर पाडून तिथे काचेचा शॉवर बसवला. मला गच्चीच्या जिन्याखाली ढकललं. पुढची कित्येक वर्षं माझ्यात जुने पडदे आणि मोडक्या छत्र्या पडून होत्या. तेही मी सोसलं. अडगळीला निदान कोणी फसवत तरी नाही.

मग एके दिवशी फोटो काढणारा आला. तो म्हणाला, "साहेब, हल्ली लोक हॉटेल फोनवर फोटो बघून निवडतात. जुन्या शहरात आले की त्यांना जुनंपुराणं काहीतरी हवं असतं. हा टब खोलीत खिडकीशी ठेवा. मागे चर्चचा मनोरा, खाली दगडी रस्ता. बुकिंगमधून उसंत मिळणार नाही तुम्हाला."

झालं! मला घासलं, पुसलं, खिडकीशी मांडलं. काठावर पितळी नळ बसवला. मी हरखून गेलो. वाटलं, आता पाणी येणार. पण नळ नुसता स्क्रूने अडकवलेला, मागे पाइपच नव्हता! आणि खाली निचऱ्याच्या भोकाखाली काय, तर लाकडी जमीन. धाकटे मालक म्हणाले, "पाण्याचं नंतर बघू." ते नंतर काही उजाडलं नाही. लोक यायचे, माझ्यात बसून फोटो काढायचे, नळ फिरवून बघायचे आणि तोंड वाकडं करून शॉवरखाली जायचे. संताप संताप व्हायचा माझा, पण सांगणार कोणाला?

अशातच दोघी बहिणी आल्या. थोरलीला सगळे ताई म्हणायचे. गुडघे धरलेले, डोळे मात्र लहान मुलीसारखे. ती आत आली ती थेट माझ्याकडे.

"बघ, फोटोत होता तस्साच आहे!" ताई म्हणाली. "आता गरम पाण्यात गुडघे बुडवून बसते आणि तो मनोरा बघते. याच्यासाठी तर ही खोली घेतली."

तिने नळ फिरवला. मी जीव खाऊन प्रयत्न केला हो! पण पाइपच नाही तर पाणी आणू कुठून? तिने खाली फोन लावला. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तो शोभेचा आहे."

धाकटी खो खो हसत सुटली. "अगं ताई, उन्हाळाभर फोन डोळ्यांपुढे धरून बसलीस. हे हॉटेल नको, त्याला तोंडावळाच नाही म्हणालीस. मी सांगितलेलं पोहण्याच्या तलावाचं हॉटेल नाकारलंस. आणि निवडलंस काय, तर कोरडा टब!"

ताई माझ्या काठावर बसली.

"लग्नाची साडी आईने निवडली," ती म्हणाली. "घर ह्यांनी निवडलं. पडदेसुद्धा सूनबाईंनी. ही एक खोली मी माझ्या मनाने निवडली होती गं. तेवढंही मला जमलं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असून पळून जाता येईना. मी तिच्याशी खोटं बोललो होतो. ठरवून नाही, पण बोललो होतो.

धाकटीचं हसू मावळलं. ती उठली आणि शॉवरपाशी ठेवलेली बादली घेऊन आली. "सरक. गुडघे तुझे दुखतात, माझे नाही. मी भरते."

"वेडी आहेस का? कंबर मोडेल."

"मोडू दे. तू निवडलाय ना? मग बसायचंच यात."

शॉवरखालून बादल्या भरभरून तिने मला भरलं. माझं बूच अजून साखळीला होतं आणि ते धडधाकट होतं. काय सांगू! इतक्या वर्षांनी अंगात ऊब आली. ताई हळूच आत उतरली आणि "अगं आई गं, काय बरं वाटतंय!" म्हणून तिने डोळे मिटले. मग उघडले आणि मनोरा बघितला. पुढे ती बेसूर गाऊ लागली. धाकटी जमिनीवर बसून ताल धरत होती.

पाणी निवलं तेव्हा ताई बाहेर आली आणि कोणीही करील तेच तिने केलं. बूच उपसलं.

खालच्या जेवणाच्या दालनात त्या वेळी धाकटे मालक प्रवासी कंपनीच्या लोकांना जुनं जपण्याचं महत्त्व समजावत होते. फळीफळीतल्या फटींतून माझं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर उतरलं.

भिजलेल्या अंगाने ते धापा टाकत वर आले. "तुम्ही टब वापरलात?"

"मग काय करायचं?" धाकटी कडाडली. "तुमच्या हॉटेलात टब नुसता बघून माणूस स्वच्छ होतो का?"

मालकांनी आवाज खाली आणला. ताईला म्हणाले, "मावशी, तुमची निवड जरा चुकली. तुमच्या वयाला मागची नवी इमारत बरी. टब नाही, कटकट नाही."

ताईने ओले केस टॉवेलात गुंडाळले. "माझी निवड मुळीच चुकली नाही. टब उत्तम आहे. तुम्ही त्याला पाणी दिलं नाहीत, ही चूक तुमची. आणि पुढचं हॉटेलही मीच निवडणार आहे. फक्त फोन करून आधी विचारीन, फोटोत दिसतं ते चालतं का म्हणून."

मला वाटलं, आता तरी पाइप येईल. पण आला तो सिमेंटचा गोळा! दुसऱ्याच दिवशी माझं भोक कायमचं बुजवलं आणि आत दिव्यांची माळ सोडली. फोटो अजून तोच आहे. लोक अजून मला बघून ही खोली निवडतात.

म्हणून हात नाहीत तरी हात जोडून सांगतो. जुनी वस्तू ठेवायची असेल तर तिला तिचं काम द्या. ते जमत नसेल तर खुशाल भंगारात घाला. तिथे कोणाच्या गुडघ्यांना तोंड दाखवावं लागत नाही.