पाचवं हरीण

घड्यावर रंगवलेल्या पाचव्या हरणाला चार पाय होते, पोट होतं, शेपूट होती. मान आणि डोकं नव्हतं.

घडा जोडणाऱ्याच्या घरात कप फुटला की त्याची बायको तुकडे पटकन कागदात गुंडाळायची. "ह्यांना दाखवू नका, जोडत बसतील."

काचेच्या कपाटातली चिठ्ठी: रंगीत घडा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. दुरुस्ती अपूर्ण.

घडा सापडला त्या गावचा नाला खोल करताना गाळ निघतो. गेल्या महिन्यात गाळाबरोबर तळहाताएवढं एक खापर निघालं, आणि फावडं मारणाऱ्याने ते फेकून दिलं नाही.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे. नखांचा रंग काढायची बाटली!"

हे शेवटचं वाक्य बायकोचं. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच आली होती, आणि तो पंचवीस वर्षांनी. इथे तो फुटकी भांडी जोडायचा. सगळे त्याला डिंकराव म्हणायचे, तोंडावरसुद्धा. आता इथल्या प्रमुख असलेल्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"काका, तुम्ही कुठला डिंक वापरलात त्याची नोंदच सापडत नाही. म्हणून बोलावलं."

"आतल्या जोडांना वेगळा आहे. प्लास्टरच्या कडेला मात्र लगेच विरघळणारा लावलाय. मुद्दाम."

"मुद्दाम का?"

"कधीतरी खरं खापर मिळालं, तर माझं प्लास्टर निघायला नको?"

 मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली.

घडा आला तेव्हा त्याचे त्र्याण्णव तुकडे होते. चार महिने तो ते जुळवत होता. खांद्यावरून फिरणारी हरणांची रांग हळूहळू उभी राहिली. फक्त पाचव्याच्या मानेपाशी भोक उरलं. ते त्याने प्लास्टरने बुजवलं, मातकट रंग दिला आणि पातळी घड्यापेक्षा केसभर खाली ठेवली. लांबून खुपू नये, पण बोट फिरवलं तर कळावं.

तेव्हाचे मोठे साहेब दोन दिवस आधी बघायला आले होते. नव्या दालनाचं उद्घाटन होतं.

"डोकं कुठाय?"

"मिळालं नाही, साहेब."

"चार हरणं पुढे बघतायत. पाचवं काय आभाळात बघणार आहे? रंगवून टाका."

"मी पाहिलेलं नाही. कसं काढू?"

"अख्ख्या खात्याला दिसतंय. तुम्हालाच दिसत नाही?"

"नाही दिसत."

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी नेमकं तेच विचारलं, डोकं कुठाय? आठवड्याभरात त्याची बदली गोदामात झाली. अठरा वर्षं त्याने खोक्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या. सात वर्षांपूर्वी निवृत्तही तिथूनच झाला.

"सगळ्यांनी खापर ह्यांच्याच डोक्यावर फोडलं," बायको मॅडमना सांगत होती. "आणि ह्यांना विचाराल तर तेही जोडून देतील."

"अगं, जरा गप्प बस. हात हलतो माझा."

"तुमचा हात हलतोय तो माझ्यामुळे नाही."

खरं होतं ते. नाल्यातलं खापर शेजारी कापसात गुंडाळलेलं होतं आणि त्याने ते अजून पाहिलं नव्हतं. मॅडम दाखवत होत्या, त्यानेच नको म्हटलं. त्यावरचं हरीण सरळ पुढे बघत असेल, तर साहेब पंचवीस वर्षं बरोबर होते आणि तो नुसताच हट्टी.

त्याने द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या वाती प्लास्टरच्या कडेने बसवल्या आणि वरून प्लास्टिक झाकलं. तिघंही घड्याळाकडे बघत बसली. मग त्याने घड्याच्या तोंडातून हात आत घातला आणि दोन बोटांनी आतून हलकेच रेटलं.

प्लास्टर अख्खं बाहेर आलं. एकही जुना जोड हलला नाही.

"द्या आता," तो म्हणाला आणि चष्मा काढून पुसू लागला.

मॅडमनी खापर त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते न बघता, कडा चाचपत भोकाशी नेलं. 'टक्' असा बारीक आवाज झाला. मग त्याने चष्मा लावला.

हरणाने मान वळवली होती. पुढच्या चौघांच्या मागोमाग चालता चालता ते थांबून मागे बघत होतं. मान लांब, डोळ्याच्या जागी एकच ठिपका, कान ताठ.

 मॅडम म्हणाल्या, "काका, मी पुढेच बघणारं काढलं असतं."

"मीसुद्धा," तो म्हणाला. "काढायला बसलो असतो तर पुढेच बघणारं काढलं असतं."

बायको घड्याच्या अगदी जवळ गेली. "पण हे मागे का बघतंय?"

"ज्याने काढलं त्याला विचार."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही माहीत," तो म्हणाला. एवढ्या ऐटीत हे दोन शब्द त्याने घरी कधी उच्चारले नव्हते. बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

मॅडम पेन घेऊन प्लास्टरच्या तुकड्यावर काहीतरी लिहीत होत्या.

"टाकून द्या हो ते. प्लास्टर आहे."

"क्रमांक घालतेय. घड्याशेजारी ठेवायचंय."

"आणि चिठ्ठीवर काय लिहिणार?"

"प्लास्टर. पंचवीस वर्षं."

त्याने वाती गोळा केल्या, झाकण लावलं आणि सवयीने टेबल पुसून घेतलं.

बदलीच्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं होतं की नव्या जागेला चांगली मोठी खिडकी आहे. गोदामाला खिडकी नव्हती.