टाकीखालची माती

शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या काकांनी पांढरी चादर पंपाच्या ऑफिसात वहिनींच्या टेबलावर टाकली. "सूनबाई, वास घे."

वहिनींनी चादर नाकाशी नेली. साबणाच्या वासाखाली पेट्रोलचा वास होता.

"दवाखान्याने साठच्या साठ चादरी परत पाठवल्या," काका म्हणाले. "बोअरचं पाणी बादलीत काढलं, तर वर रंगीत तवंग. तुमच्याकडे काही गळतंय का बघा."

पेट्रोलपंप सासऱ्यांनी सुरू केला होता. पुढे तो वहिनींच्या नवऱ्याने चालवला. चार वर्षांपूर्वी तो अचानक गेला, तेव्हापासून वहिनी आणि त्यांचा धाकटा दीर पंप सांभाळत होते. ड्रायव्हरपासून पोलिसापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

वहिनींनी लगेच कळवलं, तशी प्रदूषण खात्याची इंजिनिअर आली. आवारात सात ठिकाणी भोकं पाडून तिने माती वर काढली. वरची माती तांबडी होती, मग करडी, आणि तीन नंबरच्या टाकीजवळची काळपट, चिकट. टाकीचा तळ गंजून फुटला होता. पेट्रोल भिंतीखालून थेट लॉन्ड्रीच्या बोअरपर्यंत गेलं होतं.

"पंप आजपासून बंद," ती म्हणाली. "उद्या जबाब घेते. गळती कळल्या कळल्या सांगितली असेल, तर सफाई सरकारी निधीतून होते. लपवली असेल, तर सगळं मालकाच्या माथी."

ती गेल्यावर दीर कपाळावर हात मारून खुर्चीत बसला. "स्वतःच्या गाडीत टाकताना मी थेंब थेंब मोजायचो, आणि जमीन आपली पोटभर पीत होती!" मग तो सावरला. "पण वहिनी, जबाब सोपा आहे. काका चादर घेऊन आले, तेव्हा कळलं. संपलं."

"भाऊजी, मला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं."

दीर खुर्चीतून उठला.

टाकीत पट्टी सोडून रोज सकाळी पेट्रोल मोजायचं काम वहिनींचं होतं. तीन नंबरची टाकी रात्रीतून दोन बोटं कमी व्हायची. नवरा म्हणाला, उन्हाने उडतं. वहिनींनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. तेव्हा तो खेकसला, "पंप तू चालवतेस की मी?" त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

"म्हणजे आता मेलेल्या माणसावर ढकलायचं?" दिराचा आवाज चढला. "तो उत्तर द्यायला येणार नाही म्हणून?"

"त्यांच्यावर नाही. ते गेल्यावर दोन वर्षं पट्टी माझ्याच हातात होती. रोज कमी दिसायचं. शेवटी मीच ती टाकी रिकामी करून झाकण लावलं. तुम्हाला सांगितलं, खप कमी आहे म्हणून. खात्याला कळवायला हवं होतं. मला भीती वाटली."

"मग अजून थोडे दिवस घाबरा की! आत्ताच कुठून धीर आला?"

वहिनी उठून लॉन्ड्रीत गेल्या. कागदावरून कळण्याआधी काकांना त्यांच्या तोंडून कळायला हवं होतं.

काका इस्त्री करत होते. सगळं ऐकेपर्यंत इस्त्री चालू राहिली, मग त्यांनी ती उभी केली.

"तुझ्या नवऱ्याचे शर्ट मीच धुवायचो," ते म्हणाले. "रोज सकाळी इथे उभा राहून चहा प्यायचा. चहा ह्याच पाण्याचा, सूनबाई. माझी नात ह्याच पाण्याने आंघोळ करते."

त्यांनी इस्त्री पुन्हा उचलली.

"जा आता," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी जबाबात सगळं सांगितलं. इंजिनिअरने पेन थांबवलं. "विचार करून सांगताय ना?" वहिनींनी मान डोलावली. दीर दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला.

निधी मिळाला नाही. वहिनींनी राहतं घर विकलं आणि बाजारातल्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड नेलं. दिराने मागची मोकळी जागा विकली. विकताना त्याने वहिनींना एका शब्दानेही विचारलं नाही. खोदायचं मशीन आलं, पंपाचं छत उतरवलं, दोन पुरुष खोल खड्डा झाला. माती ताडपत्रीने झाकलेल्या ट्रकांतून दूर जात राहिली. दीर आणि वहिनी रोज खड्ड्याच्या काठावर येत. बोलणं फक्त कामापुरतं. लॉन्ड्रीला दुसरीकडून नळ आणून दिला, तरी दवाखाना काकांकडे परत आला नाही. नातीच्या रक्ताचा अहवाल चांगला आला, तेवढं सांगायला काकू येऊन गेल्या. काका आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत.

अकरा महिन्यांनी चांगल्या मातीचा पहिला ट्रक आला. इंजिनिअर म्हणाली, अजून पाच वर्षं बोअरचं पाणी तपासत राहावं लागेल. पेट्रोल इथे पुन्हा विकायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. दिराने पुढच्या बाजूला टायरचं दुकान टाकायचं ठरवलं होतं.

ट्रक खड्ड्यात रिकामा होत असताना तो वहिनींजवळ येऊन उभा राहिला.

"दादाने मलाही नाही सांगितलं," तो म्हणाला. "सख्खा भाऊ होतो मी."

"तुम्ही चिडाल असं वाटलं असेल त्यांना."

"चिडलोच असतो." त्याने पायाजवळचं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं. "तुमच्यावर चिडलो, तसाच."

त्याने आतून दोन खुर्च्या आणल्या. एक वहिनींसाठी ठेवली, दुसरीवर स्वतः बसला. मातीचे अजून बरेच ट्रक यायचे होते.