सत्काराच्या कपाटातला स्टेथोस्कोप

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे आणि माझा सगळ्यांवर राग आहे. ईट गावातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात काचेचं कपाट आहे. त्यात एका पितळी ढालीशेजारी लाल मखमलीवर मला पसरून ठेवलं आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवतात, लहान मुलं काचेला नाक लावतात. त्यांना वाटतं, केवढा हा मान! तो मान गेला खड्ड्यात. माझी हकिगत ऐका आणि मग तुम्हीच काय ते ठरवा.

मी साधासुधा स्टेथोस्कोप नाही. छातीवर टेकवायची चकती एकच, पण तिच्यातून निघालेली रबरी नळी पुढं दोन फाट्यांत विभागली जाते आणि कानात घालायच्या जोड्या दोन आहेत. एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. एकच काळीज दोघांनी एकाच वेळी ऐकायचं, यासाठी माझा जन्म. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य डॉक्टर राजनंदिनी यांनी मला विकत घेतलं तिथून सुरू झालं.

राजनंदिनी मॅडम हा दवाखाना चालवत आणि शहरातून पास होऊन आलेल्या नव्या डॉक्टरांना खेड्यातली डॉक्टरकी शिकवत. ही पोरं हुशार होती, पण यंत्रावाचून त्यांचं पान हलत नसे. रोग्याच्या छातीला मी टेकतो न टेकतो तोच "नॉर्मल आहे" म्हणून मोकळी. मॅडम स्वतः काही सांगत नसत. माझी एक जोडी त्यांच्या कानात असे आणि त्या म्हणत, "आधी तू सांग. आवाज तोंडानं काढून दाखव." मग ते शिकलेसवरलेले डॉक्टर सगळ्यांसमोर लब-डप, लब-डप करू लागत. बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. एक म्हातारी तर म्हणाली, "आवं, माजं काळीज असं वाजतंय व्हय? बंद करा की मग!" हसू होई खरं, पण ज्यानं तो आवाज स्वतःच्या तोंडानं काढला, तो पुढं कधी चुकला नाही. मला हे काम फार आवडायचं.

मग पुरस्कार आला. ग्रामीण डॉक्टर घडवणाऱ्या उत्तम शिक्षकाचा. एक समिती आली, दिवसभर बसून सगळं पाहून गेली आणि ढाल देऊन गेली. ती अगदी योग्य बाईला मिळाली, हे माझ्यासारखा खडूससुद्धा नाकारणार नाही. तिथंच आमचं वाटोळं झालं.

आमच्याकडे पुरस्कार एकदा मिळतो, पण सत्कार सगळीकडे होतात. शाळा, पतसंस्था, तरुण मंडळं, जो तो मंडप घालून बसलेला. नाही म्हणावं तर माणसं रुसतात, आणि ज्यांच्या घरचं आजारपण आपण पाहतो त्यांना रुसवून कसं चालेल? मॅडम जात राहिल्या. आज भूम, उद्या परंडा, परवा कळंब. त्यात हा दवाखाना ज्या संस्थेचा, तिचे अध्यक्ष आण्णासाहेब यांना हे कपाट सुचलं. ते म्हणाले, "मॅडम, ह्या नळीनं एवढे डॉक्टर घडवले. ही आता वापरायची वस्तू न्हाय, दाखवायची हाय." मॅडम हसल्या आणि मला देऊन मोकळ्या झाल्या. ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही. आण्णासाहेबांनी कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

त्याच वर्षी निकिता आली. पुरस्काराची बातमी वाचूनच ती आली होती. या बाईंच्या हाताखाली शिकायचं म्हणून शहरातली चांगली जागा सोडलेली. आणि बाई कुठं? तर व्यासपीठावर. निकिता एकटी रांगेला तोंड देई. मॅडम गळ्यातला हार काढत परत येत आणि विचारत, "सगळं ठीक?" ती म्हणे, "हो." मला काचेआडून दोघींचाही संताप येई.

एके दिवशी बानूबाई आपल्या सुनेला, मोनिकाला, घेऊन आली. मोनिका गरोदर होती आणि चार पावलं चालली की धापा टाकत होती. निकितानं तपासलं. छातीत काहीतरी वेगळं वाजल्यासारखं वाटलं, पण डोक्यावर पंखा गरगरत होता आणि विचारायला कुणी नव्हतं. रक्त कमी असेल म्हणून तिनं लोहाच्या गोळ्या देऊन पाठवलं.

मोनिका परत आली ती बाजाराच्या दिवशी. ओठ काळवंडलेले, बसल्या जागी दम. "गोळ्यांनी काय फरक न्हाय, बाई," बानूबाई म्हणाली. "पोरगी रातभर बसून काढतीया." आणि दारात मुरूम गावच्या सत्काराला निघालेली गाडी उभी. मॅडम आत बसलेल्या, आण्णासाहेब घाई करत होते, "चला की मॅडम, तिथं मंडप भरलाय."

निकिता धावत येऊन गाडीच्या दारात उभी राहिली. तिचा आवाज चढला होता.

"मॅडम, मला ऐकू येत नाही! त्या मुलीच्या छातीत काहीतरी आहे आणि मला ते कळत नाही. तुम्हाला बक्षीस शिकवण्याचंच मिळालंय ना? मग मला कोण शिकवणार?"

"ए पोरी, कुणाशी बोलतीस?" आण्णासाहेब ओरडले.

मॅडमचा चेहरा उतरला. शाल सीटवर टाकून त्या खाली उतरल्या आणि आण्णासाहेबांपुढं हात केला. "किल्ली द्या."

शेवटी मला बाहेर काढलं. मित्रांनो, त्या क्षणाची मी किती वाट पाहिली होती म्हणून सांगू! मोनिकाला डाव्या कुशीवर निजवलं, चकती टेकवली, दोघींनी कानात जोड्या घातल्या. आणि काहीच ऐकू येईना. व्हरांड्यातल्या उन्हानं माझं रबर वाळून तडकलं होतं. भेगांतून बाजाराचा गलका आत शिरत होता. मॅडमनी मला काढून टेबलावर टाकून दिलं.

मग त्यांनी गळ्यातला साधा स्टेथोस्कोप निकिताच्या कानात घातला, पंखा बंद केला, चकती स्वतःच्या हातानं छातीवर नेमकी धरली. "इथं. घाई नको. डप नंतर काय येतं?"

निकितानं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "लब, डप... घर्रर्र."

"लांबून गिरणी ऐकू यावी तसं?"

"हो."

"काळजाची झडप आकसलीय. चल, बार्शीला घेऊन जाऊ."

त्या दोघी मोनिकाबरोबर त्याच गाडीनं गेल्या. औषधं वेळेवर सुरू झाली, बाळंतपण तिथंच करायचं ठरलं. मॅडम आता सत्काराला जात नाहीत. मुरूमची माणसं अजून रुसलेली आहेत. रुसू देत.

मित्रांनो, तुमच्या शाळेत कुणी बाई जीव लावून शिकवत असतील तर त्यांना शाल द्या, नारळ द्या, टाळ्या वाजवा, पण त्यांना वर्गातून उठवू नका. आणि कामाची वस्तू असेल तर तिला कामात झिजू द्या, मखमलीवर वाळवू नका.

मला पुसून पुन्हा या कपाटात ठेवलं आहे. काल शाळेची सहल आली होती. आण्णासाहेब मुलांना सांगत होते, "ह्याच नळीनं मोनिकाचं काळीज ऐकलं बरं का!" मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मुलांनो, ते खोटं आहे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.