मुठीतला गोळा

प्रतिभाताईंच्या प्लेग्रुपमध्ये शुक्रवार हा पिठाचा दिवस. सकाळी उठून त्या मैद्यात तेल आणि कोमट पाणी घालून मळायच्या, रंगाला हळद नाहीतर बिटाचा रस. मीठ मात्र सढळ हाताने, म्हणजे एकदा चाखलेलं पोर पुन्हा चाखत नसे. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत मग तासभर साप, लाडू आणि पोळ्यांचा कारखाना चाले. बारा वाजता प्रत्येकाच्या कलाकृतीचा फोटो नावासकट पालकांच्या ग्रुपवर जाई.

तीन वर्षांची वेदिका तेवढी काहीच करत नसे. तिचा डावा हात जन्मापासून आखडलेला. गोळा दिला की ती तो डाव्या मुठीत धरून बसायची आणि शेवटी तसाच परत करायची. तिची आई हर्षाली पहिल्याच दिवशी सगळं सांगून गेली होती. डॉक्टरांनी पिठाशी खेळवायला सांगितलं होतं. डाव्या हाताने ती जे काही करेल त्याचा फोटो तेवढा पाठवा, त्यांना दाखवायचाय, असं तिने दोनदा बजावलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी सगळ्यांचे फोटो ग्रुपवर पडले आणि हर्षालीने विचारलं, वेदिकाचा नाही का? ताईंना कसंसंच झालं. वेदिकाचा गोळा हातात होताच. त्यांनी त्याचे पटापट मणी वळले, एकमेकांना चिकटवले, वर काडीचा देठ खोचला. झाला द्राक्षांचा घड. खाली लिहिलं, 'वेदिकाने केलं, थोड्या मदतीने.' पुढच्या शुक्रवारी त्यातली मदत गळाली.

वेदिकाच्या आजोबांची, लहानूदादांची, निफाडला द्राक्षबाग. त्यांनी घड स्टेटसला लावला आणि गावभर दाखवला. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. ताईंना आतून टोचत होतं, नाही असं नाही. पण टाळ्या गोडही लागत होत्या, आणि ही खरी लाज वाटण्याची गोष्ट. मग दर शुक्रवारी कधी घड, कधी पेरू, कधी मोदक.

फेब्रुवारीतल्या शुक्रवारी हर्षाली पेढ्यांचा पुडा घेऊन आली. वेदिका आत चप्पल शोधत होती.

"ताई, हे सगळं तुमच्यामुळे," हर्षाली म्हणाली. "सासरे म्हणाले, दोन्ही तळहात चालल्याबिगर असा गोल मणी वळतच नाय. तेव्हाच आम्ही तिचे दवाखान्यातले हाताचे व्यायाम बंद केले. फार रडायची हो तिथे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बोलावलं होतं, तिकडेही नाही गेलो."

ताईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. गप्प बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. एक गोड 'अरे वा' म्हटलं की काम भागत होतं. तेवढ्यात वेदिका उजव्या हातात चप्पल घेऊन बाहेर आली. डावा हात छातीशी, मूठ मिटलेली.

"तो घड मी केला," ताई म्हणाल्या. "सगळेच मी केले. तिने एकही नाही."

हर्षालीने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. ती ओरडली असती तर ताईंना सोसलं असतं. मग तिने साध्या आवाजात विचारलं, मग ही तासभर करायची काय? गोळा मुठीत धरून बसायची, ताई म्हणाल्या.

हर्षाली खाली बसली. तिने वेदिकाची मूठ हलकेच उकलली. आत बिटाच्या रंगाचा गोळा होता, आजचा, परत करायचा राहिलेला. त्यावर बोटांचे खड्डे उमटले होते. तीन खोल, करंगळीचा जेमतेम.

"हे दाखवायचं होतं डॉक्टरांना," ती म्हणाली. तिने फोन काढून फोटो घेतला. मग मान वर करून विचारलं, "करंगळीचा ठसा आधीपासून असाच उमटायचा, की या तीन महिन्यांत कमी झाला?"

दर शुक्रवारी तो गोळा आधी ताईंच्याच हातात येत होता, आणि दर शुक्रवारी त्यांनी तो न बघता वळून टाकला होता.