सहीचं जेवण

हॉटेलमालकाने फोनची तबकडी पुन्हा फिरवली आणि जनूने पापलेटचा शेवटचा तुकडा ताटात परत ठेवला.

गल्ल्यावर प्रणितचं चकचकीत कार्ड उताणं पडलं होतं. मालक एकदा कार्डाकडे बघे, एकदा प्रणितकडे, आणि रिसिव्हरमध्ये ओरडे, "हॅलो, बॉम्बे?"

जनूने हयातभर मिठागरात मीठ ओढलं होतं. साधा चोर सापडला तर पेणच्या चौकीत फोन करतात, एवढं त्याला ठाऊक होतं. ज्या गुन्ह्याला थेट मुंबई लागते, तो केवढा असेल?

पोरगं डोलवीच्या कंपनीत लागून वर्षही झालं नव्हतं. मागच्या महिन्यात रोह्याहून बँकेचा कुणी टायवाला येऊन त्याला हे कार्ड देऊन गेला. तेव्हा पहिला मान आईबापाचा, म्हणून प्रणितने दोघांना गोवा रस्त्यावरच्या या गार हवेच्या हॉटेलात जेवायला आणलं होतं. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता आणि जनूला आत थंडी वाजत होती.

"काय रं, त्यो मुंबईला कशाला फोन करतो?"

"कार्ड चालतं का ते विचारतात, बाबा."

"आन नाय चाल्लं तर?"

"चालतं."

"पन नाय चाल्लं तर?"

"अवो, लय झालं तर भांडी घासायला लावतील," जनूची बायको पुतळी म्हणाली. "मी हाय ना. तुमी गप बसा."

अखेर मुंबई लागली. मालकाने इस्त्रीसारखं एक यंत्र काढलं, कार्ड त्यात घालून त्यावर कार्बनचा कागद ठेवला आणि खर्रकन दांडा ओढला. प्रणितने खाली सही केली. नोट कुठेच दिसली नाही.

"दिलेस पैशे?" जनूने हळूच विचारलं.

"दिले ना. सही केली की."

जनू आणखीच घाबरला. त्याच्या अनुभवात कागदावर अंगठा उठवला की पैसे हातात पडत आणि मग फिटता फिटत नसत. सही करून पैसे देता येतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. (बँकेच्या बारीक अक्षरांतल्या नियमांचंही मत जनूसारखंच होतं, पण ते प्रणितने वाचले नव्हते.)

तेवढ्यात प्रणितचा आवाज चढला. "हे वर काय लावलंय?"

"कार्डाचे शेकडा तीन," मालक म्हणाला. "आणि फोनचे वेगळे. लाइन लागत नव्हती."

"मग तसा बोर्ड लावायचा!"

"बोर्ड लावला तर कार्ड कोण काढील, साहेब?"

प्रणितने पावती घडी घालून खिशात कोंबली. बडीशेपेची ताटली घेऊन वेटर कमळाकर शेजारी उभा होता. ताटलीत बडीशेप होती, खडीसाखर होती, सुटे पैसे नव्हते.

"साहेब, आमचं काय?"

"शेकडा तीन घेतले ना? त्यातच धर."

"ते बँकेला जातात. आमच्या हातात काय नाय येत."

"मग बँकेकडे माग!" म्हणत प्रणित रिक्षा बघायला बाहेर पडला. मागोमाग पुतळीही गेली.

जनूचा संशय पक्का झाला. हॉटेलचा माणूस समोर उभा राहून पैसे मागतो आणि पोरगा त्याला बँकेकडे पाठवतो. म्हणजे दिले नाहीत. आज निसटेल, उद्या कंपनीच्या गेटवर कुणीतरी येऊन उभं राहील.

तो कमळाकरजवळ सरकला. "भाऊ, जेवनाचं किती झालं?"

"दोनशे दहा. पण काका—"

जनूने कमरेची पिशवी सोडली. पुतळीच्या चष्म्यासाठी साठवलेले पैसे होते. त्याने ते सगळे बडीशेपेवर ठेवले.

"पोरगा वाईट नाय. नवीन हाय. ह्ये घे, आन मुंबईला कळव, मिटलं म्हून. त्याला बोलू नको."

खरं काय ते कमळाकरच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नोटा बघून ते तिथेच खडीसाखरेसारखं विरघळलं.

बाहेर रिक्षा उभी होती. "आता चष्म्याचं दुकान ना?" प्रणितने विचारलं.

"आज नको. दुकानवाला गावाला गेलाय," जनू म्हणाला.

"तुमाला कुनी सांगितलं?" पुतळी म्हणाली. मग हॉटेलच्या दाराकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "अवो, त्यो दारातला मानूस कपालावर हात का मारतो? माशी बसली का काय?"

जनूने पाहिलं. दारात कमळाकर ताठ उभा होता.

"सलाम करतो, गो."

"कोनाला?"

जनूने मागे वळून बघितलं. मागे नुसता गोवा रस्ता होता. मग त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.